चौकटीमागचे खिळे

वरच्या खोलीतला नळ पावणेपाचला सुटला की माझ्या भाचीचा दिवस सुरू झाला असं समजायचं. बादली भरायला चार मिनिटं. मग स्टूल सरकवल्याचा आवाज, मग तिच्या आईच्या उशाशी तांब्या ठेवल्याचा. पाच वाजून वीस मिनिटांनी कडी. आमची झोप मोडू नये म्हणून ती चपला हातात घेऊन जिना उतरायची, पण सहावी पायरी बोलायचीच. ती पायरी मीच बसवलेली. फळी ओली होती, मला माहीत होतं, पण कंत्राटदाराला घाई होती. चाळीस वर्षं सुतारकाम केलं, त्यात माहीत असून वाईट केलेलं ते एकच काम, आणि तेच रोज पहाटे माझ्या डोक्यावर वाजायचं.

वर माझी बहीण राहते. तिला जिना उतरता येत नाही. तिची ही मुलगी फार्मासिस्ट. नऊ वर्षं एकाच औषधाच्या दुकानात होती. दुकान आमच्या घरापासून दहा मिनिटांवर आणि उघडायचं आठला. मग पाच वीसला निघून ही जाते कुठे? चार महिने हे चाललं होतं. मी विचारलं नाही. विचारलं की माणूस उत्तर तयार करतो. न विचारता बघितलं की खरं काय ते दिसतं.

बायको म्हणाली, "विचारा ना सरळ. पोरगी काय तुम्हाला खाणार आहे?"

"बघू."

"बघा, बघा. लाकडात फट नसली तरी तुम्ही शोधून काढाल."

आधी तिच्या कामाचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. औषधाचं दुकान उघडायला परवाना लागतो आणि त्या परवान्यावर एका नोंदणीकृत फार्मासिस्टचं नाव लागतं. दुकान उघडं असेल तितका वेळ तो माणूस आत हवा. तो बाहेर गेला तर औषध द्यायचं नाही. त्याचं नोंदणीचं प्रमाणपत्र भिंतीवर टांगलेलं हवं, खाली त्याच्या कामाची वेळ लिहिलेली हवी. एका माणसाचं नाव एकाच दुकानावर. नियम साधा आहे. लोक तो मोडतात तेही साधेपणाने. माणूस एकीकडे, कागद दुसरीकडे. घरबसल्या नाव भाड्याने देणारे पुष्कळ आहेत. कागद भिंतीवर उभा राहतो आणि औषधं शाळा सोडलेला कुणीही विकतो.

माझी भाची त्यातली नव्हती. दुकान बारा तास उघडं आणि फार्मासिस्ट ही एकटी. मालकाने दुसरा ठेवला नाही, म्हणून ही बारा तास उभी. जेवायला मागे गेली तर शटर अर्धं खाली ओढायची. मालक चिडायचा. "गिऱ्हाईक परत जातं," म्हणायचा. ही म्हणायची, "मी घास गिळेपर्यंत थांबेल. नाही थांबलं तर फार आजारी नाही." डॉक्टरची चिठ्ठी नसेल तर झोपेची गोळी स्वतःच्या मामीलाही दिली नाही तिने. गल्लीत तिला चिठ्ठीबाई म्हणतात. मामी आठ दिवस बोलली नव्हती तिच्याशी.

ती पास झाली तेव्हा प्रमाणपत्राला चौकट मीच करून दिली होती. साग, चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत कापलेले, जोडात कागद शिरणार नाही असे. त्या नोंदणीचं दर काही वर्षांनी नूतनीकरण होतं आणि एक लहान हिरवी पावती मिळते. पावती नसेल तर प्रमाणपत्र नुसतं शोभेचं. दर वेळी चौकट उचकटायला नको म्हणून मी खालच्या बाजूला पावतीपुरता वेगळा कप्पा ठेवला होता. खालची पट्टी डावीकडे सरकवली की कप्पा उघडतो. मागून पाहिलं तर ती पट्टी चौकटीचाच भाग वाटते. खोबण अशी घेतली होती की नख लावल्याशिवाय कळू नये. हे तिला आणि मला, दोघांनाच माहीत.

एका मंगळवारी गुडघ्याचं मलम संपलं. भाचीच्या दुकानात जायचं सोडून मी पुलापलीकडे गेलो, कारण तिकडे जुन्या लाकडाच्या वखारीत एकजण ओळखीचा आहे. परतताना कोपऱ्यावर औषधाचं दुकान दिसलं. ते तिच्या मालकाचा मेहुणा चालवतो, एवढं ऐकून होतो. मलम मागितलं. मेहुणा फोनवर बोलत बोलत शोधू लागला. मी सवयीने भिंतीकडे बघत होतो. रॅक वाकलेले, स्क्रूऐवजी खिळे मारलेले. आणि रॅकच्या वर प्लास्टिकच्या चौकटीत माझ्या भाचीचं नाव.

चष्मा काढून पुसला. परत वाचलं. तिचंच नाव, तिच्याच वडिलांचं नाव, तोच नंबर. खाली पुठ्ठ्यावर लिहिलेलं, फार्मासिस्टची वेळ सकाळी आठ ते रात्री आठ.

मी मेहुण्याला म्हणालो, "या बाई कुठे आहेत?"

"आत्ताच जेवायला गेल्या."

सकाळचे साडेदहा वाजले होते.

"लवकर जेवतात."

"तुम्हाला मलम पाहिजे की बाई?" तो म्हणाला.

मी मलम घेतलं आणि निघालो. पुलावर थांबलो. मनात एकाला एक जोडत गेलो. पहाटे जाणं. चपला हातात. चार महिन्यांपासून तिच्या तोंडी "जरा हात आखडून आहे" असं येत होतं, पण पगार तर तेवढाच होता. मग पैसा जातो कुठे आणि येतो कुठून? तिने नाव विकलं असणार. जी मामीला एक गोळी देत नाही तिने अख्खं नाव दिलं. वाईट वाटलं म्हणण्यापेक्षा राग आला. माझ्या सागाच्या चौकटीतला कागद त्या प्लास्टिकमध्ये बघून आला, हेही खरं.

बुधवारी सहावी पायरी वाजली आणि मीही मागोमाग निघालो. गुडघे दुखत होते. ती दुकानाकडे वळली नाही. पुलाकडे वळली. माझी खात्री झाली. पुलाच्या मध्यावर तिने पाय उचलले, जवळजवळ पळालीच. मला पळता येत नाही. ती पलीकडच्या गल्लीत शिरली आणि दिसेनाशी झाली.

दोन दिवस मी तिच्याशी नीट बोललो नाही. जिन्यात भेटली तर म्हणायची, "मामा, गुडघा कसाय?" मी म्हणायचो, "आहे." तिने एकदा थांबून माझ्याकडे पाहिलं. मग गेली.

शुक्रवारी दुपारी मी तिच्या दुकानात गेलो. ठरवून गेलो होतो की चौघांत बोलायचं नाही, फक्त चौकट बघायची. माझं म्हणणं असं की अस्सल कागद जागेवर असेल तर तिने नुसती नक्कल काढून दिली असेल, नसेल तर गोष्ट अजून वाईट. ती एका म्हातारीला गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगत होती. मालक गल्ल्यावर होता.

"या सुतारकाका," मालक म्हणाला. "आज इकडे कुठे?"

"काच पुसतो. धूळ दिसते."

"पुसा की. निवृत्त माणसाला काम पाहिजेच."

मी स्टुलावर चढलो आणि चौकट उतरवली. कागद जागेवर होता. हिरवी पावतीही कप्प्यात होती. मग उलटी केली. मागच्या प्लायला मी बारा खिळे मारतो, डोकं छाटून, एकआड एक तिरके, म्हणजे प्लाय कधी ढिलं पडत नाही. इथे सात होते. सरळ मारलेले. बाजारच्या पाकिटातले, चकचकीत. दोन ठिकाणी सागाला पक्कडीचा दात लागलेला.

मी ते बघत राहिलो. कुणीतरी मागचं प्लाय उचकटून कागद काढला होता, नक्कल करून परत ठेवला होता. पण भाचीला खिळे उपटायची गरजच काय? तिने दिलं असतं तर आधी पट्टी सरकवून पावती काढली असती, कारण पावतीशिवाय कागद चालत नाही हे तिला माझ्याहून जास्त माहीत. आणि प्लायलाही तिने हात लावला नसता. एकदा तिनेच मला विचारलं होतं, "मामा, मोठा कागद कधी काढायचा झाला तर?" मी सांगितलं होतं, "माझ्याकडे आण. कुणालाही खिळे उपटू देऊ नकोस."

मग पुलापलीकडची भिंत आठवली. त्या नकलेखाली पावतीची जागा रिकामी होती. मी ती बघितली होती, पण तेव्हा मी नाव बघत होतो.

"झालं का पुसून?" मालकाने विचारलं. तो आता माझ्या हातांकडे बघत होता.

"डाग आहे एक. घरी नेऊन काढतो."

"भिंतीवर हवी ती. कुणी तपासायला आलं तर?"

भाचीने म्हातारीवरून नजर उचलली. "मामा, ती बाहेर नेता येत नाही."

"मग तूही चल," मी म्हणालो.

माझा आवाज कसा लागला ठाऊक नाही, पण तिने म्हातारीला पाकीट दिलं, पांढरा कोट काढला आणि शटर पूर्ण खाली ओढलं. मालक आत होता. तो मागच्या दाराने बाहेर आला आणि ओरडत राहिला.

रस्त्यात मी तिला सगळं सांगितलं. ती चालता चालता ऐकत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही पुलापलीकडे कधी गेला होतात?"

"मंगळवारी."

"आज शुक्रवार आहे."

मी बगलेतली चौकट सावरली.

"म्हणजे तीन दिवस तुम्हाला वाटत होतं मी दिलं."

"हो."

"आणि बुधवारी पहाटे माझ्यामागे तुम्ही होतात?"

"पुलापर्यंत."

ती थांबली. "मला वाटलं कोणीतरी गुंड आहे. मी पळाले, मामा. किल्ली मुठीत धरून पळाले. विचारलं असतंत तर सांगितलं असतं."

"कुठली किल्ली?"

तेव्हा कळलं. पुलापलीकडे तिने एक खोली भाड्याने घेतली होती. स्वतःच्या दुकानासाठी. चार महिने पहाटे साडेपाच ते साडेसात ती तिथे भिंती घासत होती, भेगा भरत होती, रंग देत होती. मला सांगितलं असतं तर मी गुडघे घेऊन रोज गेलो असतो आणि पैसे घेतले नसते, म्हणून सांगितलं नाही. परवान्याचा अर्ज पंधरा दिवसांपूर्वी कचेरीत गेला होता. अर्जावर फार्मासिस्ट म्हणून तिचंच नाव. मालकाला एक महिन्याची आगाऊ सूचना अजून द्यायची होती, पण कुणीतरी त्याच्या कानावर घातलं असावं, असा मला आजही संशय आहे.

"कचेरीत माझं नाव दुसऱ्या दुकानात सापडलं," ती म्हणाली, "तर परवाना नाही मिळणार. नोंदणीच जाईल. मग मी कोण?"

आम्ही घरी गेलोच नाही. चौकट माझ्या बगलेत आणि आम्ही परवाना कचेरीत.

तिथले साहेब कपावर बशी झाकून कागद वाचत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि आमच्याकडे संशयाने पाहिलं. ते मला आवडलं. जो लगेच विश्वास ठेवतो तो तपासणीच्या कामाचा नाही.

"नाव भाड्याने देणारे रोज येतात इथे," साहेब म्हणाले. "पकडले गेले की सगळ्यांचा कागद चोरीला गेलेला असतो."

"मी पकडले गेलेली नाही," भाची म्हणाली. "मी आलेय."

"कुणी पकडणार होतं म्हणून आलात."

"हो. हे माझे मामा. ते पकडणारच होते."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी चौकट टेबलावर उलटी ठेवली आणि खिळे दाखवले. माझे कसे, हे कसे, पक्कड कुठे लागली.

"काका, खिळ्यांवरून मी सरकारी कागद करू?"

"खिळ्यांवरून नको," भाची म्हणाली. तिने चौकट सरळ केली, नख लावलं, पट्टी डावीकडे सरकवली आणि हिरवी पावती काढून त्यांच्यासमोर ठेवली. "मी नाव दिलं असतं तर हीसुद्धा दिली असती. तिथल्या भिंतीवर ही नाही."

"कशावरून?"

"मामांनी बघितलंय."

"मामांनी."

"म्हणून तर तुम्ही जा बघायला. आत्ता. मालक मागच्या दाराने बाहेर पडलाय. संध्याकाळपर्यंत चौकटसुद्धा नसेल तिथे."

साहेबांनी पट्टी स्वतः दोनदा सरकवून बघितली. तिसऱ्यांदाही सरकवली. मग कपावरची बशी काढली, चहा गार झालेला बघून परत झाकली आणि उठले.

आम्ही बाकावर बसून राहिलो. दोन तास. भाची एकदाही पाठ टेकून बसली नाही. मी म्हणालो, "टेक जरा." ती म्हणाली, "सवय नाही." नऊ वर्षं उभं राहिलेलं माणूस बसलं तरी उभंच असतं.

साहेब आले ते एक वही घेऊन. मेहुणा चौकट उतरवत असतानाच सापडला होता. नकलेवर पावती नव्हती. आणि वहीत भाचीची हजेरी होती, रोज सकाळी आठ, रात्री आठ, शेजारी सही. सही वाईट नव्हती. पण कुणीतरी एका बैठकीत महिनाभराच्या करून टाकल्या होत्या. त्या दिवशी बावीस तारीख होती आणि वहीत ती तीस तारखेपर्यंत कामावर आलेली होती.

"अजून आठ दिवस उगवायचेत," साहेब म्हणाले, "आणि बाई हजर."

ते हसले नाहीत. भाचीही नाही. मला हसू आलं, ते मी खोकल्यात घातलं.

मेहुण्याच्या दुकानातला फार्मासिस्ट चार आठवड्यांपूर्वी सोडून गेला होता. नवा मिळेपर्यंत भिंतीवर कुणाचं तरी नाव हवं म्हणून मालकाने एका सकाळी ही येण्याआधी चौकट उचकटली होती. पावती काचेआड दिसत होती, पण काढायची कशी ते कळेना, म्हणून सोडून दिली. रोज तिथे कोण बघतंय, असा हिशेब. ते दुकान त्याच संध्याकाळी बंद झालं. भाचीने कचेरीतच बसून राजीनामा लिहिला आणि शिक्का मारून घेतला. आता तिच्या जुन्या दुकानाच्या परवान्यावर फार्मासिस्ट उरला नाही, म्हणून तेही शटर खाली.

दुसऱ्या दिवशी मालक घरी आला. वर गेला नाही. आमच्याच दारात उभा राहून वर तोंड करून बोलला, "नऊ वर्षं माझं खाल्लंस."

भाची जिन्यात आली. "खाल्लं नाही. विकलं तुमचं. बारा बारा तास उभं राहून."

"एका कागदापायी?"

"तुम्ही तो न विचारता नेलात. विचारलं असतंत तर नाही म्हणाले असते आणि मग तुमची दोन्ही दुकानं उघडी असती."

ते तिने त्याला सांगितलं. पण सांगताना तिची नजर माझ्यावर होती. निदान मला तरी तसं वाटलं.

परवाना मिळायला तीन महिने लागले. साहेब स्वतः टेप घेऊन खोली मोजायला आले. लांबी मोजली, रुंदी मोजली, फ्रिज चालू आहे का ते दार उघडून हात घालून बघितलं. माझ्यावर त्यांचा अजून विश्वास नव्हता, टेपचं दुसरं टोक त्यांनी भाचीच्या हातात दिलं.

मी खोली पहिल्यांदा बघितली तेव्हा भिंतींना हात लावला. भेगा चांगल्या भरल्या होत्या. रंग दोन हात, मधे घासून, घाई न करता. एक फळी तिने स्वतः बसवली होती, ती एका बाजूला बोटभर खाली होती. मी ती काढली.

"राहू द्या की," ती म्हणाली.

"बाटल्या घसरतील."

"मग रॅक तुम्ही करा. पण मजुरी घेऊन. बाजारभावाने."

"मामाला मजुरी?"

"सुताराला. नाही तर दुसरा बघते."

घरी बायको म्हणाली, "घ्याल तर लाज वाटायला हवी." मी अकरा दिवस काम केलं. गुडघ्यांमुळे नवाचे अकरा झाले, म्हणून नऊच दिवसांचे मागितले. तिने माझ्याकडून सही घेतली आणि नऊ दिवसांचे दिले. पूर्ण दराने. तिच्या नऊ वर्षांच्या पगारातून खोलीचं आगाऊ भाडं गेलं, फ्रिज गेला, परवान्याची फी गेली आणि त्यानंतर माझे रॅक.

दुकानावर वेळ लिहिली आहे, नऊ ते एक, चार ते आठ. आठ तास. लोक विचारतात, मधे का बंद? ती सांगते, "फार्मासिस्ट जेवतो." तीच चौकट भिंतीवर आहे, मागे माझे बारा खिळे.

पगारातलं शेवटचं जे उरलं होतं त्याचं काय केलं ते सांगायचं राहिलं. एका रविवारी ती वखारीतून फळी घेऊन आली. साग, दोन वर्षं सुकवलेला, टिचकी मारली की वाजणारा. तिने ती माझ्या दारात भिंतीला टेकवून ठेवली.

"ही कशाला?"

"सहाव्या पायरीला. मजुरी वेगळी देते."

मी जुनी फळी काढली, नवी बसवली, चारही स्क्रू बुडवून. मजुरी घेतली. काम चोख झालं आहे. आता वरचा नळ पावणेपाचला सुटतो, स्टूल सरकतं, कडी वाजते, आणि त्यापुढे काहीच ऐकू येत नाही.